खारें पाणी आणि भाताचें मूळ

वडखळहून अलिबागेस जातांना धरमतरच्या पुलावर अंबा नदी ओलांडली, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांस एक सपाट मुलूख लागतो. डोंगर मागें राहतात, झाडें विरळ होतात, आणि दृष्टि पोंचेल तेथवर भाताचीं खाचरें व त्यांच्या पलीकडे मातीचा एक लांबच लांब, ठेंगणा बांध दिसतो. हाच खारेपाट. उधाणाच्या भरतीस बांधाबाहेरचें पाणी आंतल्या शेतापेक्षां उंच चढतें. शेत खालीं आणि समुद्र वर, अशी ही विपरीत स्थिति आहे. एखाद्या रात्रीं बांधाला खांड पडून भरतीचें पाणी आंत शिरलें, तर हिरवीं रोपें थोड्याच दिवसांत पिवळीं पडून वाळूं लागतात. 'भात जळलें' असें शेतकरी म्हणतो. परक्या माणसाला या शब्दाचें नवल वाटतें. कारण जें जळलें म्हणून सांगतात, तें पोटरीभर पाण्यांत उभें असतें.

परंतु शब्द खोटा नाहीं. तें रोप पाण्यांत उभें राहून तहानेनें मेलेलें असतें. भोंवतीं पाणी असूनहि तें पितां कां येत नाहीं, या प्रश्नाचें उत्तर युरोपांतील शास्त्रज्ञांनीं सुमारें एकशें चाळीस वर्षें खपून काढलें. आणि त्याच प्रश्नाशीं कुलाबा जिल्ह्यांतल्या (१९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्यांतल्या) कुळांनीं पिढ्यानपिढ्या चिखलांत उभें राहून झुंज दिली. पहिला इतिहास पाठ्यपुस्तकांत सांपडतो, दुसरा महसुली दफ्तरांत. ते एके ठिकाणीं मांडून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

स्वयंपाकघरांत ही गोष्ट रोज घडते. चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलें कीं तिला पाणी सुटतें. तें मिठांतून आलेलें नसतें, काकडीच्या पेशींतून निघालेलें असतें. उलट, सुकलेली मनुका साध्या पाण्यांत टाकली तर रात्रींतून फुगून गोल होते. कोळीवाड्यांत मासळी खारवतात ती याच न्यायानें. मीठ मासळींतलें पाणी ओढून घेतें, आणि तिच्यावर वाढूं पाहणाऱ्या सूक्ष्म जंतूंनाहि तसेंच कोरडें पाडतें. पेशीच्या तलम पटलांतून पाण्याचें जें हें येणें-जाणें होतें त्यास ऑस्मॉसिस म्हणतात. मराठींत त्यासाठीं परासरण आणि तर्षण असे दोन शब्द आहेत. दुसऱ्या शब्दांत तहानेचा 'तृष्' हा धातु असल्यामुळें मला तो अधिक आवडतो, आणि येथें तोच वापरला आहे.

तर्षणाचा पहिला लेखी प्रयोग १७४८ सालचा. आबे नोले हा फ्रेंच पदार्थविज्ञानी उकळत्या द्रवांचा अभ्यास करीत होता. वनस्पति किंवा प्राणी यांचा विचारहि त्याच्या मनांत नव्हता. मद्यार्कानें भरलेल्या एका कुपीचें तोंड त्यानें डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्यानें बांधलें, आणि आंत हवा जाऊं नये म्हणून ती पाण्यांत बुडवून ठेवली. पांच-सहा तासांनीं पाहतो तों कातडें टरारून फुगलेलें! टांचणी टोंचतांच द्रव कारंज्यासारखा वर उडाला. मग त्यानें उलट रचना करून पाहिली: कुपींत पाणी, बाहेर मद्यार्क. या वेळीं कातडें आंत ओढलें गेलें. हें कातडें पाण्याला मद्यार्कापेक्षां सुलभ वाट देतें, इतकें त्यानें ताडलें आणि तो आपल्या मूळ विषयाकडे वळला. शोध अंगणांत येऊन उभा राहिला होता. पण यजमान दुसऱ्याच पाहुण्याची वाट पाहत होता.

पुढें जवळजवळ ऐंशीं वर्षांनीं, १८२६ मध्यें, द्यूत्रोशे या फ्रेंच वैद्यानें जिवंत पेशींच्या संदर्भांत हा व्यापार ओळखला. पाणी आंत शिरतें त्यास त्यानें 'एंडॉस्मोज' आणि बाहेर पडतें त्यास 'एक्झॉस्मोज' हीं नांवें दिलीं. झाडांत रस कसा चढतो याचें मर्म येथें आहे असें त्याला वाटलें. कारण मात्र तो आरंभीं विजेंत शोधीत बसला. टॉमस ग्रॅहमनें १८५४ सालीं दोन नांवांचें एक केलें, त्यापासून आजचा शब्द निघाला.

खरी प्रगति झाली ती एका दारूच्या व्यापाऱ्यामुळें. मोरिट्झ ट्राउबे हा जर्मन रसायनज्ञ वडिलार्जित द्राक्षासवाचा धंदा सांभाळून प्रयोग करी. तांब्याच्या क्षाराचा द्राव आणि पोटॅशियम फेरोसायनाइडचा द्राव जेथें एकमेकांस भिडतात, तेथें तपकिरी रंगाचा एक तलम पापुद्रा धरतो. तो पाण्यास सोडतो व साखरेस अडवितो, असें त्यानें १८६७ मध्यें दाखवून दिलें. डुकराच्या मूत्राशयावांचून आतां भागणार होतें. अडचण एकच: पापुद्रा इतका नाजूक कीं त्यावर दाब मोजणें अशक्य. विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञानें ती सोडविली. त्यानें बिनझिलईचें सच्छिद्र मातीचें भांडें घेतलें आणि त्याच्या भिंतींतील छिद्रांतच तो पापुद्रा धरविला. आपल्याकडे उन्हाळ्यांत ज्या गुणामुळें मडकें पाझरतें व पाणी गार करतें, तोच हा गुण. १८७७ सालीं त्यानें आपले आंकडे छापले. शेंकडा एक साखर असलेल्या द्रावानें सुमारें ५३ सेंटिमीटर उंचीचा पारा उचलून धरला. चहांत आपण याहून कितीतरी अधिक साखर घालतों. मग पेशींच्या आंत केवढा दाब नांदत असेल याची कल्पना करावी.

हे आंकडे ह्यूगो द व्ह्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञानें आपला अ‍ॅम्स्टरडॅममधील सहकारी व्हान्ट हॉफ यास सांगितले. वनस्पतीच्या पेशी खारट द्रावांत ठेवल्या म्हणजे त्यांचा आंतला जिवंत गोळा आकसून पेशीच्या भिंतीपासून सुटतो, हें द व्ह्रीसनें स्वतः तपासलें होतें. खारेपाटांत जळलेल्या भाताचें हेंच सूक्ष्मदर्शकाखालचें चित्र होय. व्हान्ट हॉफनें त्यावरून नियम बसविला: तर्षणाचा दाब विरघळलेला पदार्थ कोणता यावर नव्हे, तर त्याचे कण किती यावर अवलंबून असतो, आणि विरल द्रावांतले कण त्या बाबतींत वायूच्या कणांसारखे वागतात. मीठ या हिशेबांत प्रथम बसेना. त्याचा दाब जवळजवळ दुप्पट येई. मीठ पाण्यांत विरघळतांच त्याचे दोन विद्युद्भारित कण होतात, असें १८८७ मध्यें अर्‍हेनियसनें मांडल्यावर तें कोडें सुटलें. रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं मिळालें तें व्हान्ट हॉफला.

येथें एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. खारेपाटाच्या बांधांत ठिकठिकाणीं उघाड्या असतात. ओहोटीस उघाडीची झडप आंतल्या पाण्याच्या रेट्यानें उघडते व शेतांतलें पावसाचें पाणी खाडींत जातें. भरती येऊं लागली कीं बाहेरच्या रेट्यानें तीच झडप मिटते. पेशीचें पटल अशी एक उघाडीच असावें, एका दिशेनें पाणी सोडणारी व दुसऱ्या दिशेनें अडविणारी, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः तसें नाहीं. पटल पाण्याला दोन्ही दिशांनीं सारखीच वाट देतें. अडवितें तें मिठाला. क्षणोक्षणीं पाण्याचे असंख्य कण आंत जातात व असंख्य बाहेर येतात. ज्या बाजूस मीठ विरघळलेलें असतें त्या बाजूचें पाणी जणूं मिठांत गुंतलेलें असल्यानें तिकडून पलीकडे जाणारे कण कमी पडतात, आणि दोहोंची वजाबाकी खाऱ्या बाजूच्या पदरीं जाते. ओढणारा कोणी नसतो. असतो तो केवळ जमाखर्च.

आतां हा हिशेब धरमतरच्या खाडीला लावून पाहूं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्याचा तर्षणाचा दाब सुमारें २५ वातावरणांचा भरतो. पाण्याच्या स्तंभाच्या भाषेंत बोलायचें तर ही उंची अडीचशें मीटर होते. तीन कुतुबमिनार एकावर एक रचले तरी ती गांठतां येत नाहीं. समुद्राच्या पाण्यांतून गोडें पाणी ओढून घ्यायचें तर भाताच्या मुळाला इतक्या जोराविरुद्ध झगडावें लागेल. तें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. भात क्षाराच्या बाबतींत फार नाजूक. जमिनींतल्या ओलाव्याचा खारेपणा समुद्राच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याइतका झाला तरी सर्वसाधारण जातींचें उत्पन्न घटूं लागतें. रोप लहान असतांना आणि पुढें फुलोऱ्यावर आलें असतांना तर ही नाजुकी विशेषच असते. मीठ केवळ तहानेनें मारतें असेंहि नव्हे. त्यांतील सोडियम रोपांत शिरून पानांना विषासारखा बाधतो. परंतु पहिला घाव तहानेचा असतो.

पाणी पटलांतून नेमकें कोठून जातें, हें अगदीं अलीकडे कळलें. अमेरिकेंत पीटर अ‍ॅग्र यांना रक्तपेशींत एक अनोळखी प्रथिन सांपडलें होतें. तें तयार करण्याचा आदेश त्यांच्या गटानें बेडकाच्या अंड्यांत टोंचला, आणि तीं अंडीं विरल पाण्यांत ठेवतांच फुगून फुटलीं. साधीं अंडीं तशींच राहिलीं. ही गोष्ट १९९२ ची. पाण्यापुरत्या या सूक्ष्म नळ्या पुढें वनस्पतींच्या मुळांतहि आढळल्या, आणि अ‍ॅग्र यांना २००३ मध्यें नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

खारेपाटाच्या शेतकऱ्यानें यांपैकीं कोणाचेंहि नांव ऐकलेलें नव्हतें. तरी त्याची सगळी शेती या एका व्यापाराभोंवतीं बांधलेली आहे. मातीच्या बांधाचें काम पाणी अडविणें हें नाहीं. पाणी तर त्याला हवेंच असतें, आणि कोकणांतला पाऊस तें भरपूर देतो. अलिबागेस वर्षाकांठीं सरासरीनें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. बांध अडवितो तें मीठ. उन्हाळ्यांत जमीन भेगाळते, खालचा क्षार ओलाव्याबरोबर वर चढतो आणि ढेंकळांवर पांढरा फुलतो. मृगाच्या व आर्द्रांच्या सरी हें मीठ विरघळवितात. उघाड्यांतून तें खाडींत जातें. मगच पेरणी. मोड आणलेलें बीं चिखलावर फेंकण्याची जी रीति या भागांत आहे, तिला रहू म्हणतात. बियाणें जुनें, तांबड्या दाण्याचें: रत्ता. काळा रत्ता आणि भुरा रत्ता या जातींनीं येथें पिढ्यानपिढ्या पोटें भरलीं, आणि पुढें निवड पद्धतीनें त्यांतून काढलेले 'काळा रत्ता १-२४' व 'भुरा रत्ता ४-१०' हे वाण क्षार सोसणारे म्हणून कृषिसंशोधकांच्या परिचयाचे झाले. श्रावणांत पावसानें ओढ दिली तर शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसते ती पाणी आटलें म्हणून नव्हे. वरचा गोड्या पाण्याचा थर पातळ झाला, आतां खालचें मीठ मुळाशीं येईल, म्हणून.

जातां जातां जिताड्याचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. खारेपाटांत घराजवळच्या तळ्यांत हा मासा पाळतात, आणि जांवई आला म्हणजे त्याची आठवण होते. खाडींतलें पिल्लूं गोड्या तळ्यांत सोडलें तरी वाढतें, हें एक आश्चर्यच आहे. खाऱ्या पाण्यांत माशाच्या अंगांतलें पाणी सतत बाहेर निघून जातें. म्हणून तो समुद्राचें पाणी पितो आणि नको असलेलें मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. समुद्रांतले मासे पाणी पितात हें होमर स्मिथनें १९३० मध्यें दाखविलें. गोड्या पाण्यांत सगळें उलट. पाणी आपण होऊन अंगांत शिरतें, म्हणून मासा पाणी पीत नाहीं व पातळ मूत्र पुष्कळ टाकतो. जिताड्याला हे दोन्ही संसार साधतात. भाताला एकहि खारा दिवस निभवत नाहीं.

एकाच बांधाच्या दोन अंगांस मीठ आणि भात हीं दोन पिकें एकाच समाजानें काढलीं, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. पेण आणि उरणच्या मिठागरांत भरतीचें पाणी मुद्दाम घ्यावयाचें व उन्हांत आटवावयाचें, आणि शेजारच्या खाचरांत त्याच पाण्याचा थेंबहि येऊं द्यावयाचा नाहीं. असा दुहेरी व्यवहार ज्यानें संभाळला त्याला खाऱ्या पाण्याचा स्वभाव शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

बांध मातीचा, त्याला दर वर्षीं माणसांचे हात लागतात. ते कोणाचे, आणि कोणाच्या खर्चानें? माझ्या मतें खारेपाटाच्या इतिहासाची किल्ली याच प्रश्नांत आहे. जुन्या व्यवस्थेंत याचें एक उत्तर होतें. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत शिलोत्री नांवाच्या वहिवाटीचें वर्णन आहे: समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या शिलोत्रीदारानें बाहेरचा बांध राखावा, आणि त्याबद्दल कुळांकडून बिघ्यामागें ठराविक भात घ्यावें. बांध राखण्याचें ओझें आणि त्याचें वेतन अशा रीतीनें एकमेकांस बांधलेलें होतें. हा करार जोंवर पाळला जाई तोंवर त्यांत न्याय होता. पण जमीन जसजशी सावकारांच्या व खोतांच्या हातीं एकवटली, तसतसें भात घेण्याचें कलम टिकलें आणि बांध राखण्याचें कलम विरत गेलें. बांधावर माती टाकणारे हात कुळाचेच होते. खोताचा वांटा मात्र पिकाच्या राशीवर मोजला जाई, वर वेठबिगार निराळी.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजीं अलिबाग तालुक्यांतील चरी येथें भरलेल्या सभेंत कुळांनीं खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. पंचवीस गांवांनीं हा संप धरला, आणि तो १९३९ पर्यंत चालला. हिंदुस्थानांतील शेतकऱ्यांच्या चळवळींत इतका दीर्घ संप विरळाच. त्याचें राजकीय महत्त्व अनेकांनीं वर्णिलें आहे: डॉ. आंबेडकरांनीं १९३७ मध्यें मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, १९३९ चा कुळकायदा आला, आणि १९४९ च्या कायद्यानें खोती संपली. मला त्याची दुसरी बाजू अधिक जाणवते. देशावर जमीन पडीक ठेवली तर ती वाट पाहते. दोन वर्षांनीं नांगर घाला, ती तशीच असते. खारेपाटांतली जमीन वाट पाहत नाहीं. तेथें पावसानें मीठ धुण्याचें, बांध चोपण्याचें, उघाड्या पाहण्याचें काम थांबलें कीं उधाण आपला हक्क सांगूं लागतें. म्हणून आपल्या हातांनीं राखलेली जमीन न कसण्याचा निर्णय या कुळांना किती जड गेला असेल, याचें माप केवळ बुडालेल्या पिकावरून घेतां येणार नाहीं.

खोत गेला, पण बांध राहिला. त्याच्यासाठीं १९४८ मध्यें मुंबई सरकारनें खारभूमींचा कायदा करून एक मंडळ नेमलें, आणि पुढें १९७९ मध्यें महाराष्ट्रानें नवा खारभूमि विकास कायदा केला. पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्रानें 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' हे क्षार सोसणारे वाण दिले. त्यांचें उत्पन्न जुन्या रत्त्याहून बरें आहे. सरकारनें बांध हातीं घेतला हें योग्यच झालें. परंतु गांवाचा बांध हा सरकारी बांध झाला, तेव्हां खांड पडल्याबरोबर टोपल्या घेऊन धांवण्याची जी संवय होती, तीहि कांहीं अंशीं सरकारजमा झाली. अर्ज जाईपर्यंत भरती थांबत नाहीं. चोवीस तासांत दोनदां येते. आणि एकदां शिरलेलें मीठ धुवून निघण्यास दोन-तीन चांगले पावसाळे लागतात.

खांड बुजली नाहीं तर जमीन ओसाड मात्र राहत नाहीं. भरतीबरोबर तिवराचीं व कांदळाचीं बीजें येतात आणि चिखलांत रुजतात. भाताला जें साधलें नाहीं तें यांना साधतें. कांदळाचें मूळ बहुतेक सगळें मीठ बाहेरच गाळून पाणी घेतें. तिवर थोडें मीठ आंत येऊं देतें व पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून तें बाहेर टाकतें. कोरड्या हवेच्या दिवशीं तिवराच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावावें, मिठाची चव लागते. १९६५ मध्यें शोलांडर व त्यांचे सहकारी यांनीं अशा झाडांच्या फांद्या दाबपात्रांत ठेवून मोजलें तेव्हां कळलें कीं त्यांच्या रसवाहिन्यांत ३० वातावरणांहूनहि अधिक ताण असतो; म्हणजे समुद्राच्या २५ वातावरणांवर मात करून वर उरतो. मुळाची गाळणी आणि पानाची ओढ मिळून तीन कुतुबमिनारांची चढण हें झाड रोज चढतें.

या वनांचें मोल मोठें आहे. लाटांचा मारा तीं आपल्या अंगावर घेतात, मासळीला आसरा देतात, आणि बाहेरच्या बाजूस असतील तर मातीच्या बांधालाहि त्यांचा आधार होतो. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २००५ मध्यें राज्यांत कांदळवनांची तोड थांबविण्याचा हुकूम दिला, आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालानें तो कायम झाला. जमीन सरकारी असो वा खाजगी. निकाल आवश्यकच होता, असें मी मानतों. परंतु ज्याच्या शेताचा बांध वेळेवर दुरुस्त झाला नाहीं आणि ज्याच्या भाताच्या जागीं आतां पुरुषभर तिवर उभें आहे, त्या शेतकऱ्याला तें तोडतां येत नाहीं व भातहि लावतां येत नाहीं. खारेपाटांत असे शेतकरी आहेत. त्यांच्या सातबाराच्या उताऱ्यावर ती जमीन अजून भातशेत म्हणूनच लिहिलेली आहे.